सईला आर्ट बघायचंय

बुध. ४ जून

बेकरीत सकाळची शिफ्ट. ट्रे लावताना आईचा मेसेज. लाँग वीकेंडला सुट्टी टाक, जायचंय. कुठे ते नाही.

घरी आल्यावर कळलं. ब्रोकन हिल. वाळवंटात. गाडीतून पाच-सहा तास. मिलिंदकाका नेणार. (यापुढे मिका. पूर्ण नाव लिहिण्याएवढा तो मोठा नाही.)

म्हणे तिथे सगळे आर्टिस्ट राहतात. गॅलऱ्याच गॅलऱ्या, टेकडीवर शिल्पं. मिकाला ऑनलाइन डील दिसलं, 'रोमँटिक गेटअवे'. हे सांगताना आईने फ्रिज पुसायला घेतला. फ्रिज स्वच्छ होता.

म्हटलं रोमँटिक आहे तर मी कशाला?

"अगं, आम्ही दोघंच कसं जाणार? कसं दिसतं ते."

म्हणजे मी पांघरूण. आणि मराठी मंडळातल्या आपटे काकूंना तिने आधीच सांगून टाकलंय. सईला आर्ट बघायचंय म्हणून चाललोय. मला. मी इयर नाइनमध्ये एक मग केला होता. गळतो.

मग फ्रिजचं दार बंद करून खरं काय ते बोलली. मिकाने लग्नाचं विचारलंय. "तू म्हणशील तसं. तू नाही म्हणालीस तर मी त्याला नाही सांगेन. परत येईपर्यंत बघ, त्याला नीट ओळख, मग सांग."

बाबांनी पुण्याहून डायरेक्ट त्यांच्या दुसऱ्या लग्नाचा फोटोच पाठवला होता. त्यामानाने आईने विचारलं तरी. चांगलं वाटायला पाहिजे होतं.

उत्तर तयार आहे. नाही. पण आत्ता सांगितलं तर म्हणेल, तू त्याला ओळखतच नाहीस. जाऊन येते, मग सांगते.


शुक्र. ६ जून

मिका संध्याकाळी गाडी दाखवायला आला. सेकंडहँड, पण त्याच्यासाठी नवी. समोर नंबर प्लेटखाली लिंबू-मिरची. ऑस्ट्रेलियात. शेजारचा म्हातारा कुत्रा फिरवताना थांबून बघत होता. मिका त्याला म्हणाला, "नो वरीज मेट." म्हाताऱ्याने काही विचारलंच नव्हतं.

नो वरीज तो सगळ्याला म्हणतो. पाऊस आला नो वरीज. दूध उतू गेलं नो वरीज. पंधरा वर्षांत बहुतेक हे एकच शिकला. संगमनेरहून कुकरी, म्हणजे स्वयंपाक, शिकायला आला, मग टॅक्सी, आता बस चालवतो. आई त्याच्या बसने स्टेशनला जायची. ती बँकेत सॉफ्टवेअर टेस्टर. दोन वर्षं त्याच्या पाठीकडे बघत ऑफिसला गेली, संपली लव्ह स्टोरी.

माझ्यासमोर तो तिला मॅडम म्हणतो. तीपण अहो मिलिंद, तुम्ही चहा घेणार का. मी वर गेले की तू. आमच्या मॉसन लेक्समधल्या घरांच्या भिंती पापडासारख्या. सगळं ऐकू येतं. तू जेवलीस का. तू दमलायस. ईईई.

मला म्हणाला, "सईबाई, मग काय, आर्ट बघायचं ना?" आणि डोळा मारला. मी मोबाइलमध्ये बघितलं.


शनि. ७ जून, दुपार

पोचलो. वाटेत काहीच नाही. म्हणजे खरंच काही नाही. लाल माती, झुडपं, एक मेलेलं कांगारू, झुडपं. एका गावात खायला मीट-पाय घेतला, खालून ओला. आमच्या बेकरीत असा मीट-पाय मागच्या दारातून बाहेर गेला असता. मिकाने दोन खाल्ले. "भारी केलतं!" खायचं कळत नाही आणि म्हणे कुकरी.

गाव न्यू साउथ वेल्समध्ये आणि घड्याळ आमच्या ॲडलेडचं. धड इकडे नाही धड तिकडे. मिकाला हे फार आवडलं. तीन वेळा सांगितलं.

मोटेल. मिकाने दोन खोल्या घेतल्यात. एक साधी आणि एक पॅकेजवाली. पॅकेजवाली कोणाला? मला आणि आईला. कारण तो जंटलमन.

दार उघडलं तर बेडवर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून. गुलाबाच्या पाकळ्या. बादलीत वाइन. कार्डवर लिहिलंय, जस्ट द टू ऑफ यू. आम्ही दोघी उभ्या. मी एक हंस उचलला आणि त्याने अंघोळ करून आले.

पाकळ्या कापडाच्या निघाल्या. आईने तरी गोळा केल्या. म्हणे गणपतीत होतील.

मिका साध्या खोलीत. जाताना खिडकीतून दिसलं, बेडवर बसून सँडविच खात होता, एकटाच, बूट न काढता. रोमँटिक.


शनि. संध्या.

गावात चक्कर. दर तिसऱ्या घराबाहेर गॅलरीची पाटी. आत गेलं की एक म्हातारा, एक हीटर आणि चाळीस चित्रं, सगळी तीच. लाल जमीन, निळं आकाश, मध्ये झाड. बाहेर दारात उभं राहिलं की हेच दिसतं, मोठ्या साइजमध्ये.

आई प्रत्येक चित्रासमोर मान तिरकी करते. घरी तिने कधी कॅलेंडरपण वर मान करून बघितलं नाही. मिका लेबलं मोठ्याने वाचतो. एका ठिकाणी चित्रकाराला विचारलं, हे किती दिवसात होतं? तो म्हणाला, चाळीस वर्षं. मिका म्हणाला, "एवढं लहान?"

आई हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवून. ती अशी हसते हे विसरले होते.

तरी नाही.


रवि. ८ जून, सकाळ

सिल्व्हरटन. अजून एक गाव, त्यात माणसं कमी आणि गाढवं जास्त. रस्त्यात उभी राहतात. मिकाने हॉर्न नाही वाजवला, बंद करून बसला गाडी. म्हणाला, ते जातील तेव्हा जातील. त्याची बस वेळेवर का येत नाही ते कळलं.

मग त्याला फोटो पाहिजे. आई, मी, गाढव. मी नाही म्हटलं. म्हणजे बोलले नाही, गाडीतच बसले. काचेतून दिसत होतं. आसपास कोणी नव्हतं. आईने त्याची माश्यांच्या जाळीची टोपी घातली आणि त्याने मोबाइल धरला, आणि ती काहीतरी बोलली, आणि त्याने मोबाइल खाली करून नुसतं बघितलं. बराच वेळ. गाढव मध्ये आलं तरी.

मी दुसरीकडे बघितलं. कोणीतरी बघायला पाहिजे ना दुसरीकडे.

परत येताना आई पुढच्या सीटवर गुणगुणत होती. मला आरशात बघून म्हणाली, "बरा आहे ना गं गाव?" गाव म्हणे. नवरा मुलगा पसंत आहे का विचारल्यासारखं मला विचारतात आणि मिका कान देऊन ऐकतो.

म्हटलं, ठीक आहे.

दोघं एवढे खूश झाले. ठीक आहेवर.


रवि. संध्या. (खोलीत, आई अंघोळीला)

हे नीट लिहायचंय.

सूर्य मावळायच्या आधी त्या शिल्पांच्या टेकडीवर गेलो. मोठमोठे दगड, कोरलेले. सगळे टुरिस्ट तिथेच, जॅकेटं घालून, हातात ग्लास. थंडी मरणाची. आईने शाल आणली होती, अर्धी मिकाच्या खांद्यावर. मी तीन दगड पलीकडे.

मागून आवाज. "अय्या, वर्षा?"

आपटे काकू. आणि काका. ॲडलेडपासून पाचशे किलोमीटर, वाळवंटात, टेकडीवर, मंडळाच्या सेक्रेटरी. काकूंच्या हातात डबा, त्यात चकली. जगात कुठेही जा.

शाल आईच्या अंगावर पूर्ण आली. एका सेकंदात. मिकाचा खांदा तसाच वाकलेला, वर काही नाही.

काकू मिकाकडे बघून, "हे...?"

आणि आई म्हणाली, "हे सईचे आर्टचे सर. सईला दाखवायला आणलंय त्यांनी सगळं. हो ना गं सई?"

सगळे माझ्याकडे. काकू, काका, आई. मिका नाही, तो दगडाकडे बघत होता.

आता मला लोकांसमोर बोलता येत नाही हे आईला माहितीये. शाळा त्याच्यावरूनच सुटली. इयर इलेव्हनला प्रेझेंटेशनला उभी राहिले आणि तोंड उघडलंच नाही, नंतर परत गेलेच नाही. तरी माझ्यावरच टाकलं. मी मान हलवली. हो अशी पण नाही, नुसती हलली.

काकू, "हो, सई टेफ कॉलेजला डिझाइन करते ना. वर्षा सांगते नेहमी."

टेफ. मी बेकरीत मागच्या बाजूला ट्रे धुते आणि पीठ मळते. कधी टेफच्या पार्किंगमध्येपण गेले नाही. वर्षभर मंडळात हे चाललंय.

आपटे काका मिकाला म्हणाले, "मग सर, हे समजवा आम्हाला. आम्हाला काही कळत नाही बुवा." समोर एक दगड, त्यात भोक.

मला वाटलं आता मिका बोलेल, मी बस चालवतो. चुकून तरी. त्याच्या तोंडून असंच काहीतरी निघतं नेहमी.

तो म्हणाला, "यात... कलाकाराला ना... पलीकडचं दाखवायचंय."

"वा," काका म्हणाले.

मग पुढच्या दगडाला. "हे कुटुंब आहे." काकूंनी फोटो काढला. "आणि हे?" "हे... वारा." तो दगड माशासारखा होता. काकूंनी त्याचापण काढला. सूर्य गेला तरी चाललंच होतं. सर हे, सर ते. आईची मान तिरकी. मिका एकदाही नो वरीज म्हणाला नाही.

निघताना काकूंनी त्याला चकली दिली. "घ्या सर."

गाडीत बसलो. मग मिका म्हणाला, "काय विद्यार्थिनी, होमवर्क केलं का?" आणि हसला. आईपण लगेच हसली, जोरात, सुटल्यासारखी. "मला काही सुचलंच नाही हो. पण तुम्ही काय छान बोललात." तो आधी थांबला हसायचा. ती अजून हसतच होती.

त्या दगडासमोर मला कोणाची लाज वाटली माहितीये? लिहिता येत नाही. तिची.


सोम. ९ जून

सकाळी मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते. मिका चाव्या द्यायला आला होता. त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही.

आई, "रागावलायस?"

"नाही ओ मॅडम. तुम्ही आवरा, मी गाडी पुसतो."

तुम्ही. मी तिथे नसताना.

वाइनची बाटली तशीच राहिली बादलीत. आईने पिशवीत घातली, मग बाहेर काढली. मंडळातलं कोणी घरी आलं तर. शेवटी तिथेच ठेवली.

येताना साउथ ऑस्ट्रेलियात शिरल्यावर फळांचा चेकनाका. फळमाशी येऊ नये म्हणून सगळ्या गाड्या थांबवतात. आईने जायच्या दिवशीच बजावलं होतं, परतताना फळ ठेवायचं नाही. डब्यातलं उरलेलं सफरचंद तिने सकाळीच मला खायला लावलं. टोमॅटो मिकाला. सालंसुद्धा कचऱ्यात.

ऑफिसर बाई आली. हसरी. एनी फ्रूट ऑर व्हेज?

मिका, "नो, नथिंग."

ती गाडीला चक्कर मारून समोर गेली आणि खाली वाकली. आणि तशीच राहिली.

लिंबू-मिरची.

आम्ही तिघंही विसरलेलो. सफरचंदाच्या सालापर्यंत सगळं संपवलं आणि ते समोर लटकतंय.

मिका उतरला. त्याला इंग्लिशमध्ये नजर सांगता येईना. "मॅम, इट इज फॉर... बॅड आइज." ती म्हणाली, ओके, पण लेमन आणि चिलीज मला घ्यावे लागतील. दोरा तुटेना. कात्रीने कापलं तिने. मग खिडकीतून आईला म्हणाली, "युअर हजबंड्स गॉट अ गुड सेन्स ऑफ ह्यूमर."

आई गोड हसली. "यस, ही डझ."

यस. असं सरळ. 'सुचलंच नाही' वगैरे काही नाही.

मिका गाडीत बसला. बेल्ट लावला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "बाईंना नाही सांगितलं आर्टचा सर."

आई म्हणाली, "ती काय मंडळात येणारे?"

पुढे कुठलं गाव आलं, कुठलं गेलं. कोणी उतरलं नाही. मी खिडकीतून बघत होते. लाल जमीन, निळं आकाश, मध्ये झाड.

घरासमोर सोडलं. सामान उतरवलं. मला म्हणाला, "चला सईबाई," आणि काहीतरी बोलायला थांबला आणि टोपी नीट केली. ती टोपी. मच्छरदाणीवाली, जूनच्या थंडीत. मला तो आवडायला लागला वगैरे काही नाही. तो ओले मीट-पाय दोन खातो आणि दगडाला वारा म्हणतो.

पण आईने त्याला जिथे ठेवलंय ती जागा मला माहितीये. मी तिथेच आहे वर्षभर, टेफमध्ये.


मंगळ. १० जून

शिफ्ट. पीठ फुगलं नाही, थंडीने. परत केलं.

आई रात्री भात वाढताना, "मग, विचार केलास?"

म्हटलं, करतेय.

"घाई नाही. मी त्यांना काही बोलले नाहीये. तुझं कळल्याशिवाय मी कशी बोलणार?"

तो फोन करत नाहीये. ती पण नाही. स्टेशनला चालत गेली आज. बस न घेता. विचारलं तर म्हणे, व्यायाम.

आज कळलं मला. मी नाही म्हटलं तर ती म्हणणार, मुलीला नको होतं, काय करू. आपटे काकूंना सांगावंच लागणार नाही कधी. मी हो म्हटलं तर म्हणणार, मुलीने हट्ट केला. दोन्हीकडून मीच. सईला आर्ट बघायचं होतं, सईला बाप पाहिजे होता. सई कोणाला काही बोलत नाही, त्यामुळे तिच्या नावावर काहीही खपतं.

आणि मला वाटलं होतं मला विचारलंय.


गुरु. १२ जून

चारला घरी आले. आई वर्क फ्रॉम होम. मोबाइल माझ्यासमोर धरला.

आपटे काकूंचा मेसेज. "वर्षा, सईच्या सरांचा नंबर पाठव ना. काय सुंदर समजावतात! मंडळाच्या मुलांसाठी वर्कशॉप ठेवू या." खाली माशासारख्या दगडाचा फोटो. मिका बाजूला, हातात चकली.

मला हसू आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

आई हसत नव्हती. म्हणाली, "तूच टाक ना त्यांना मेसेज. सर सिडनीला शिफ्ट झाले म्हणून. तुझ्याकडून आलं की विषय संपेल."

मी बूट काढत होते. पिठाचे बूट. काढता काढता म्हटलं, "नाही."

"अगं एक मेसेज."

"तू फोन कर काकूंना. तो कोण आहे ते सांग."

"सई, काहीतरी काय."

"आणि मी बेकरीत आहे तेपण सांग. मग मी माझं सांगते."

एवढं सलग मी कधी बोलले होते आठवत नाही. आवाज चिरकला शेवटी. आईने चहाचा कप उचलला आणि परत ठेवला.

"म्हणजे तुझं हो आहे?"

"आधी फोन."

"तुला कळत नाही, माणसं काय काय बोलतात. बाबा सोडून गेले तेव्हा किती महिने मी मंडळात जाऊ शकले नाही. तू लहान होतीस."

"मग नको जाऊस. तो पण येत नाही, मी पण येत नाही. मरत नाही कोणी."

"तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं?"

मी काही बोलले नाही. नेहमीचंच. पण या वेळी मुद्दाम.

तिने मोबाइल हातात घेतला. मग उठली. मागच्या अंगणात गेली, सरकतं दार लावून घेतलं. कपडे वाळत घालायच्या तारेखाली उभी आहे, तिथे शनिवारपासून एक टॉवेल आहे.

मी टेबलाशी बसून हे लिहितेय. काचेतून तोंड अर्धंच दिसतंय. मोबाइल कानाला. आता बोलतेय काहीतरी. कोणाशी ते ऐकू येत नाही. या घरात सगळं ऐकू येतं, ही काच सोडून.

काकूंशी बोलताना आई सारखी हसते. काहीही असो, वाक्यावाक्याला.

आत्ता हसत नाहीये.